नोंद : सारवासारव

आपटे रोडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
(खाली झेरॉक्सचं दुकान)
आम्ही सहा माणसं कोश करतो.
यंदा 'स' चाललाय.
'स' संपता संपत नाही, गद्रे सर म्हणतात
आणि डब्यातलं थालीपीठ चौघांत मोडतात.

माझ्या वाट्याला आलं हे कार्ड:
सारवासारव. नाम, स्त्री.
चूक, उणेपणा वा अप्रिय गोष्ट
शब्दांनी झाकण्याचा प्रयत्न.
व्युत्पत्ती: 'सारवणे' पाहा.

मी सारवणं कधी पाहिलंच नव्हतं.
कोथरूडला टाइल्सवर वाढले.
म्हणून फरशी पुसायला आलेल्या
हौसाबाई मरगळेंना विचारलं,
वेल्ह्याकडच्या त्या.
त्यांनी फडकं बादलीत सोडलं,
हवेतच पंजाने अर्धगोल काढला,
त्याला जोडून दुसरा.
"शेणकाला पातळ नको, नि जाडबी नको.
पण खड्डा असला तर आधी माती.
भरायची, चोपायची, वाळू द्यायची.
मग सारवायचं.
नुसतं शेण फिरवलं
तर पाय पडला की आत जातोय."

कार्डाच्या पाठीवर लिहून घेतलं.
म्हणजे दोष सारवण्यात नाहीच.
तो लागतो 'सारव'पुढे दुसरा 'सारव' आला की,
मधल्या त्या 'आ'पासून:
माती न भरता फिरणारा हात,
पाहुणे दारात आल्यासारखा घाईचा.
सरांनी हे खोडलं. "कोशात कविता नको."

उदाहरण राहिलं होतं.
लिहिलं: भाऊ काय करतो असं विचारल्यावर
तिने सारवासारव केली.
सर म्हणाले, भाऊ कशाला? मंत्री घ्या.
मंत्री सगळ्यांना कळतो.

मंत्री घेतला.

मगरपट्ट्यातल्या कंपनीने शारंगला
"नव्या वाटा शोधण्यासाठी मोकळं" केलं
तेव्हापासून त्याच्या खोलीचं दार बंद आहे.
ताट बाहेर ठेवायचं.
कधी रिकामं मिळतं, कधी झाकलेलं तसंच.
आई सांगते, घरूनच काम असतं हल्ली त्याचं.
मी सांगते, ब्रेक घेतलाय, स्वतःसाठी.
कर्वेनगरच्या मुंजीत तर म्हणाले,
परदेशी क्लायंट, रात्रीची कामं,
आणि किती सहज,
एका अर्धगोलाला जोडून दुसरा.

काल रात्री चिंचवडहून मावशीचा फोन.
"शारंग काय म्हणतो गं?"
दाराच्या फटीखाली निळा उजेड होता.
तोंडात वाक्य तयार होतं,
पातळ नाही, जाड नाही.

"काही म्हणत नाही, मावशी.
सात महिने झाले.
काहीच म्हणत नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग गॅस बंद केल्याचा आवाज,
मग खुर्ची ओढल्याचा.
"सांग," मावशी म्हणाली.