बाटली नंबर अकरा

आधी वाटलं, पाणी काळं करायला असं काय लागतं.
ग्राफीनची पुडी आली, चिमटीभर,
इतकी हलकी की पंखा बंद करून तोलायची,
श्वाससुद्धा मान वळवून घ्यायचा.
ऊर्ध्वपातित पाण्यात टाकली
तर भिजलीच नाही.
वरच्या वर तरंगत राहिली,
लग्नात कुणी ओळखीचं न भेटलेल्या पाहुणीसारखी,
आणि दुपारी बघते तो
तळाशी, गाळ.

बिलगणं हाच तिचा स्वभाव.
एका अणूएवढ्या जाडीचे पापुद्रे,
सुटे असतील तर उष्णता वाहून नेतील,
चिकटले की नुसतं शिसपेन्सिलीतलं शिसं.

म्हणून बाभळीचा डिंक.
चिमणभाईंनी खंडेराव मार्केटातून आणला.
दुकानदाराने पावतीवर आपणहून लिहिलं, ‘लाडवांसाठी’.
हिशेब विभागाने बिल परत पाठवलं.

मग सोनिकेटर.
टायटॅनियमची दांडी बुडवायची
आणि चाळीस मिनिटं तो आवाज,
दातांच्या मुळाशी जाणारा.
पाणी तापतं, म्हणून भोवती बर्फ.
मे महिन्यात, बडोद्यात, बर्फ
कलाभवनासमोरच्या रसवाल्याकडेच.
तो विचारायचा, ‘आज किती पाहुणे?’
मी म्हणायचे, ‘एकच. काळा आहे.’

खिडकीत सोळा बाटल्या.
रोज सकाळी अकराला फोटो.
पहिली चार तासांत बसली, दुसरी रात्रभर टिकली.
पाचवीत डिंक जास्त झाला,
काकवीसारखी दाट; पंपाने हात टेकले.
नववीत अमोनियाचे तीन थेंब जास्त पडले,
तिने मला रडवलं, अक्षरशः.
अकरावी उभी राहिली.
आठवडा. दोन आठवडे. तेवीस दिवस.
झवेरी मॅडम म्हणाल्या, ‘छापू या.’

त्या संध्याकाळी मी ती रुमालात गुंडाळून
प्रतापनगरला नेली, बाबांच्या गॅरेजात.
बाबा रेडिएटरला डाग देतात,
चाळीस वर्षं. गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलतात,
नळ्या मात्र मराठीत मोजतात, ओठांतल्या ओठांत.
त्यांनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली.
आरपार काही दिसलं नाही, म्हणजे चांगलंच.
‘काजळ?’
‘तसंच काहीसं.’
‘किती तापवून पाहिलंस?’
‘खिडकीत ठेवली होती.’

ते पुढे बोलले नाहीत.
चहाच्या पातेल्यात पाणी घेतलं, झाकण सैल करून
बाटली त्यात उभी केली, खाली स्टोव्ह.
तापवली. गार केली. पुन्हा तापवली.
रिक्षा स्टेशनवर जाते, थांबते, परत निघते, तसं.
सहाव्या खेपेला
काळ्याच्या वर बोटभर पाणी,
स्वच्छ, पिता येईल असं.
इतकं स्वच्छ पाणी मला कधी इतकं वाईट दिसलं नव्हतं.

‘डिंक घातलास ना?’ बाबा म्हणाले.
‘तापला की सोडणारच तो.
माझाही डाग सुटतो, वरून नुसता बसवला असेल तर.
आधी धातू घासावा लागतो.
त्याने स्वतः धरायला पाहिजे.’
आणि कंगवा घेऊन
ते वाकलेल्या पट्ट्या सरळ करायला लागले.

परतीच्या बसमध्ये बाटली मांडीवर.
घासायचं म्हणजे आम्लात घासायचं,
पापुद्र्याच्या काठाकाठाला ऑक्सिजन बसवायचा,
पाण्याची ओढ बाहेरून चिकटवायची नाही,
त्यालाच फुटू द्यायची.
मग प्रत्येकाला आपापला भार,
दुसऱ्याला हातभर लांब ठेवण्यापुरता.
त्यात थोडी उष्णता वाहायची कमी होईल.
किती कमी, ते अजून कुणाला विचारायचं नव्हतं.
खिडकीबाहेर सूरसागर गेला, दिव्यांसकट.

सोमवारी हिशेब विभागाचा फोन आला.
‘तुमच्या लाडवांचं बिल पास झालं, बेन.
आणखी डिंक लागणार का?’

‘नको,’ म्हटलं.
‘रसवाल्याचं खातं मात्र बंद करू नका.
या वेळी बर्फ दुप्पट लागेल.’