वजनकाट्यावर

रात्रीचे साडेदहा. वडकीचं जिनिंग बंद.
साठ टनी काटा रिकामा,
काचेमागे लाल अक्षरात एकटं शून्य.
ड्युटी माझी, चहा यशपालचा,
आणि तन्वीरने गेटपासच्या पाठीवर
लिहून काढलेला टंगमर्गचा खर्च.

हिंगणघाटपर्यंत कोणाच्या तरी टेम्पोत, फुकट.
नागपूरहून जम्मू, स्लीपर, वरचे बर्थ,
म्हणजे बोर्डाची पिशवी कोणाच्या पायात येणार नाही.
पिशवी आहे. बोर्ड नाही.
ताडपत्रीची शिवून घेतली यशपालने,
आत सध्या त्याच्या आईच्या कुरडया.
पुढे शेअर सुमो, घाटात कोणी बोलायचं नाही,
यशपालला मळमळतं.

गुलमर्गात राहायचंच नाही.
तिथल्या एका रात्रीत इथं महिन्याची खोली येते.
खाली नझीरचाचांकडे, बुखारीजवळ ते दोघं,
मी त्यांच्या मुलीच्या खोलीत.
गंडोला रोज नको. वरचा टप्पा दोनच दिवस,
एक दिवस पायी चढायचं, पाठीला बोर्ड बांधून,
एक चढण, एक भाकर, एक उतरण.
दोरीपलीकडे जायचं तर गाईड घेऊनच.
"इथं पैसा वाचवाचा नाही बे,"
तन्वीरने ओळीखाली दोन रेघा मारल्या,
पेन फाटून कागदापार गेलं.

आम्ही नवशिके नाही, पण उस्तादही नाही.
दोन वर्षांआधी चौदा दिवसांचा सरकारी कोर्स केला.
टाचेवर बरे आहोत.
पायाच्या बोटांवर आलो की अजून
ज्याचा त्याचा देव आठवतो.
दाबलेल्या बर्फावर वळणाला वळण जोडता येतं,
पण तो दुसरा, मांडीभर, भुसभुशीत,
कोणी न तुडवलेला,
तो एकदाच पाहिला, शेवटच्या सकाळी,
खिडकीतून, बस सुरू झाल्यावर.

"कापसासारखा असते का वं?" सगळे विचारतात.
कापूस नाकात जातो, रात्रभर खोकवतो.
मी दिवसाला चाळीस गाड्या कापूस मोजते.
माझा बर्फ कापसासारखा नसला तर बरं.

सराव सोयाबीनच्या कुटारावर.
सागाची फळी, ट्यूबच्या पट्ट्या,
मागच्या पायावर भार, पुढचं नाक वर.
पोफळेकाका धुऱ्यावरून ओरडले,
"पायच मोडाचा हाय तं इथंच मोडा नं,
काश्मिराले कायले जाता?"
आठवडाभर अंग खाजत होतं.

अडचण एकच, ती कागदावर नाही.
पावडर पडते जानेवारीअखेर, फेब्रुवारीत,
आणि तेव्हाच इथं गाड्यांची रांग
पेट्रोल पंपापर्यंत जाते.
दोन्ही पांढरे हंगाम एकाच पंधरवड्यात.
मुनीमजींकडे बारा दिवस मागायचे,
तारीख सांगायची नाही,
कारण तारीख अजून ढगालाही माहीत नाही.
माझ्या जागी कुंदा बसेल म्हणते.
म्हणते.

तेवढ्यात चाचांचा फोन:
बोर्डवाला पूछ रहा है, वज़न कितना है तुम लोगों का?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं, मग पायाखाली.

हा काटा दहाच्या पटीत बोलतो.
तिघं मिळून एकशे नव्वद.
यशपाल उतरला, एकशे वीस.
तन्वीर उतरला, पन्नास.
मी खरी चौपन्न आहे,
पण वरचे चार काट्याने माफ केले
ते मी कळवलेच नाहीत.

मग कोण म्हणालं आठवत नाही,
पुन्हा चढलो तिघं, गुडघे वाकवले,
मागच्या पायावर भार,
आणि एकदम उडी.

आकडा थरथरला, घसरला,
आणि लोखंड वाजायच्या आत, इतकासाच वेळ,
काचेमागे शून्य.

गेटवर ट्रकने हॉर्न दिला.
राळेगावची गाडी, ओला माल.
मी आत गेले, पावती लावली.