वार्पेतची कबुली

ग्युमरीत कारागिराला वार्पेत म्हणतात.
मला म्हणतात, कारण कॅमेऱ्याच्या पोटातलं
सगळं मला ठाऊक:
कुठली स्प्रिंग थंडीत आखडते,
कुठला पडदा उशिरा पडतो,
भिंगावर बुरशी कुठल्या कडेने चढते.
चाळीस वर्षं या खिडकीत बसून
मी दुसऱ्यांचे डोळे पुसून दिले.

ह्रिप्सिमेचा कॅमेरा माझ्याकडे अकरा वेळा आलाय.
पावत्या आहेत.
प्रकाशमापक कधीच मेलेला, कातडं सोललेलं,
पाचशेचा वेग दोनशेवर लंगडतो,
भिंगावर नखाएवढा चरा,
धाकट्या दिराने किल्लीने पाडलेला.
म्हटलं, बाई, फेकून द्या हे,
कपाटात जर्मन पडून आहे, हप्त्याने देतो.
म्हणाली, झाकण तेवढं घट्ट करा.

उजेड ती तळहातावर तोलते.
हात पुढे धरते, जरासा कलता करते,
बाजारात जर्दाळू चाचपावा तसा,
मग कडी फिरवते.
आकड्यांकडे बघतसुद्धा नाही.

मार्चमध्ये राजधानीतून एक पोरगा आला, त्रदात नावाचा.
पाठीवर एवढी बॅग, वाटलं घर सोडून आलाय.
तोनीर म्हणजे जमिनीतली भट्टी;
तिच्याभोवती लवाश भाजणाऱ्या बायका,
आणि हा भिंगामागून भिंग बदलतोय,
गुडघ्यावर, स्टुलावर, एकदा तर दारात आडवा.
ह्रिप्सिमे पिठाच्या पोत्याशी बसून
त्यांना उंडे करून देत होती.
कॅमेरा पोत्यावर, झाकणासकट.

दोन तास गेले.
मग म्हातारी शोघेर भट्टीत वाकली
आणि लगेच वर आली नाही.
विहिरीत कुणाला हाक मारून
उत्तराची वाट बघावी, तशी राहिली.
का, ते मला माहीत नाही.
ह्रिप्सिमेला माहीत होतं; एकोणीस हिवाळे
ती तिच्या शेजारी उंडे करतेय.

खट्ट. एकदाच.
त्रदात तेव्हा बॅटरी बदलत होता.

तो फोटो माझ्या दुकानात लावलाय.
चराही आलाय त्यात, वाफेच्या वर, आडवा.
गिऱ्हाईक आत येतं, बोलता बोलता थांबतं,
टोपी काढतं, आणि काय दुरुस्त करायचं होतं
ते विसरतं.

आता कबुली.
अकराव्या खेपेला मी खोटं बोललो,
म्हटलं, स्प्रिंग यायचीय, दोन दिवस लागतील.
तोच कॅमेरा घेऊन गेलो, त्याच पोत्याशी,
त्याच वेळी. शोघेर वाकली. मी दाबलं.

आलं काय? एक म्हातारी. एक भोक. पुष्कळ वाफ.
उजेड अचूक, धार अचूक.
तेवढं मला येतंच.

अंगण वाकडं म्हणणारे माझ्याकडे रोज येतात,
त्यांच्यावरच माझं पोट.
हिचं अंगण खरंच वाकडं होतं, मीच मोजलंय,
आणि ही आपली नाचत राहिली.

परवा त्रदातचा फोन:
वार्पेत, तसलं चरा पडलेलं भिंग मिळेल का?
मी म्हटलं, किल्ली आहे ना तुझ्याकडे?

ह्रिप्सिमेकडून मी स्प्रिंगचे पैसे घेतले नाहीत.
तिनेही विचारलं नाही.
कॅमेरा उघडला,
बिजागरीत साचलेलं पीठ बोटाने टिपलं,
आणि माझ्याकडे पाहिलं,
हात जरासा कलता करून.