तुरट

ऋतुजानं पुण्याहून बाटली आणली
स्वेटरात गुंडाळून, तान्हं पोर आणावं तशी.
काळी काच, जड बूड, गळ्याशी सोनेरी कागद.
शालननं लांबूनच पाहिली
आणि हातातली परात
ओट्यावर जरा जोरात ठेवली.

"आई, चहा आहे गं. नुसता चहा. बुडबुड्यांचा."
"चहाला बूच कशाला लागतंय?"
ह्याला उत्तर नव्हतं. मी गप्प बसलो.
मिरजेच्या डॉक्टरांनी लिव्हरचा फोटो उजेडासमोर धरला
त्याला आता चौदा महिने आणि काही दिवस.
ते काही दिवस मी रोज मोजतो. सांगत नाही कुणाला.

पलूसच्या वायनरीत एकवीस वर्षं
मी जिभेवर पोट भरलं.
सकाळी दहाला ओळीनं बारा पेले.
घोट घ्यायचा, गालातनं फिरवायचा,
वास नाकात मागनं चढू द्यायचा
आणि स्टीलच्या बादलीत थुंकायचा.
गिळायचं नाही, हा नियम.
रावसो मगदूम म्हणायचा,
अख्ख्या तालुक्यात थुंकायचा पगार घेणारे आपण दोघंच.
संध्याकाळी त्याच्या शेडवर
बेदाण्याच्या रॅकखाली, गंधकाच्या वासात,
दिवसभर थुंकलेलं आम्ही वसूल करायचो
व्याजासकट.

रावसो गेला. शेड त्याचा भाचा चालवतो.

बाटली मीच उघडली. हात विसरत नाहीत.
बूच नाही, बाटली फिरवायची,
अंगठा वर, आवाज होऊ द्यायचा नाही.
तरी झालाच. उसाशाएवढा.
शालनचे खांदे वर गेले
आणि खाली यायला वेळ लागला.
त्या आवाजाच्या किती रात्री तिच्या कानात जमा आहेत,
कुठल्या डॉक्टरनं त्याचा फोटो काढला नव्हता.

पायाचे पेले घरात उरले नव्हते.
सहाच्या सहा तिच्या हातनं फुटले, घासताना,
चुकून.
म्हणून कटिंगच्या ग्लासात ओतला.
रंग मेथी भिजवलेल्या पाण्याचा.
बुडातनं बारीक मणी वर येत होते,
घाई नसलेले.

नाक घातलं. ओला कडबा. लिंबाचं चुरगळलेलं पान.
बऱ्याच दिवसांनी उघडलेली ट्रंक.
तोंडात घोट फिरवला आणि
सवयीनं डोळे खाली बादली शोधायला लागले.
शालनला वाटलं मळमळतंय.
तिनं तसराळं पुढं केलं.
मी मान हलवली
आणि गिळला.

मग ती आली, जिभेच्या कडांनी,
दाताला घासून, हिरड्यांना ओढ देत.
तुरट.
द्राक्षाची बी चावल्यावर येते ती.
जास्त उकळलेल्या चहाच्या तळाशी असते ती.
म्हणजे ही इथंही होती,
रोज सकाळी, बशीत, साखरेखाली दडलेली,
आणि मी हिच्यासाठी इतक्या लांब जात होतो.

खोटं कशाला बोलू, वाईन नाही ही.
मधोमध एक जागा रिकामी आहे,
जिथं ऊब चढायला हवी तिथं
नुसते बुडबुडे फुटतात.
ती जागा मला पाठ आहे.

शालननं माझ्याच ग्लासातला घोट घेतला.
"गार झालेला चा हाय की. केवढ्याला?"
ऋतुजानं निम्मी किंमत सांगितली.
"एवढ्यात दिवाळीपर्यंतची पावडर आली असती,"
असं म्हणत तिनं ग्लास संपवला
आणि चार वाजता नेहमीसारखं आलं ठेचलं.

सातला पलीकडं शेडवर दिवे लागले.
ही वेळ जरा अवघड असते.
मी पायरीवर बसलो होतो.
आत, ओट्यावर, बाटलीत दोन बोटं चहा शिल्लक होता.
मी काही मागितलं नाही.
शालननं पोळ्या केल्या, ओटा पुसला,
बाटलीखालचाही पुसला, उचलून,
आणि होती तिथंच
परत ठेवली.