रफू

हडर्सफील्डला आमचं ऑफिस जुन्या लोकरीच्या मिलमध्ये आहे.
तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडक्यांशी
पूर्वी बायका बसायच्या, ठाणावर हात फिरवत.
रिसेप्शनवरची मॉरीन सांगते, तिची आई त्यातलीच.
डोळ्यांआधी बोटांना लागायची गाठ,
आणि तुटलेला धागा असा भरायची
की विणणाऱ्यालाही सापडू नये.
मजुरी वारावर मिळायची,
निगुतीवर नाही.

त्याच उजेडात मी बसते. माझं काम टेस्टिंग.
ऑगस्टात शाळांच्या जेवणाचं ॲप होतं,
एकतीस तारखेला द्यायचं, बजेट जुलैतच संपलेलं.
कॅलमनं फळ्यावर त्रिकोण काढला:
लवकर, स्वस्त, चांगलं.
कुठलेही दोन घ्या, म्हणाला.
मार्कर वाळत आला होता,
‘चांगलं’ जेमतेम उमटलं.
कुणी हसलं नाही.

मला एक गाठ लागली होती.
आडनावात ‘ओ’नंतर तो वर टांगलेला स्वल्पविराम आला
की मूल फुकट जेवणाच्या यादीतून गळायचं.
किती मुलं?
सतरा.
दुरुस्तीला?
तीन दिवस.
तो कॅलेंडरकडे बघत राहिला.
वाईट माणूस नाही तो. कंत्राट गेलं तर
कुणाला घरी पाठवायचं ती दोन नावं त्याला पाठ होती.
एक माझं असावं.

मी रकान्यात लिहिलं: दोष माहीत आहे.
आणि हिरवं बटण दाबलं.
आई म्हणायची, काम करणं वेगळं, उरकणं वेगळं.
मी उरकलं.

दुरुस्ती नोव्हेंबरात गेली.
मग बॅटलीच्या एका शाळेतून पाकीट आलं,
आत स्वयंपाकघरातली वही.
नऊ आठवडे, रोज, पेन्सिलीनं, एकच नाव:
डेक्लन ओ’ड्वायर. सोमवार, मटार आणि पाय. दिलं.
मंगळवार, पास्ता. दिला.
बुधवारी पुन्हा मागितलं. दिलं.
शेवटी बेरीज, एकशे सतरा पौंड,
आणि खाली: माझ्या पर्समधून. घाई नाही. ब्रेंडा.

कॅलमनं पैसे त्याच दुपारी पाठवले, स्वतःच्या खात्यातून.
हिशोबात ते कुठे दाखवायचे, कुणालाच कळेना.

वही माझ्याकडेच राहिली.
पान उलटून मी मागून बोटं फिरवते.
ब्रेंडा दाबून लिहिते.
‘दिलं’ प्रत्येक वेळी हाताला लागतं.