सात किलोचा काटा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, डाइंगच्या मागच्या शेडमध्ये
बावीस वर्षं मी एकाच काट्याकडे बघत आलो.
घड्याळाच्या नाही. वाफेच्या.
सातच्या खाली आला की टॉवेल फिका,
फार वर गेला की व्हॉल्व्ह असा किंचाळतो
की पलीकडच्या गल्लीत विड्या वळणारी बशीराबी
सूप खाली ठेवून दारात येते.

कोळसा लांबून येई.
त्याची काजळी माझ्या नखांतून
पोरीच्या वह्यांच्या कव्हरांवर उतरे.
दिवाळीला उटणं लावताना बायको म्हणायची,
एकदा तरी तुमचा मूळ रंग बघू द्या.

मग तो एप्रिल.
सुताच्या वखारीत बैठक, एकच पंखा, तोही शेटजींकडे तोंड करून.
डाइंगवाल्यांचे अंबादास गुर्रम,
नागणसूरचे गुरुपादप्पा कलशेट्टी,
भीमेपल्याड चडचणहून आलेल्या बायांच्या कंपनीची नीलव्वा,
ट्रकवाला मैनुद्दीन नदाफ,
तंत्रनिकेतनच्या काटवे मॅडम,
आणि दाराशी मी, कारण बॉयलरचा परवाना माझ्या नावावर.

गुर्रमशेठ म्हणाले आविरि.
नीलव्वा म्हणाली हबे.
मैनुद्दीन, भाप.
मी, वाफ.
मॅडमनी फळ्यावर नुसता आकडा लिहिला,
तेवढा सगळ्यांना एकदम वाचता आला.

ठरलं ते असं:
बांधावर जाळून टाकतात त्या तुराट्या दळायच्या, दाबायच्या,
त्याच्या कांड्या करायच्या.
नाव पांढरा कोळसा, रंग गुळाचा.
आणि छपरावर काळ्या नळ्या मांडायच्या,
म्हणजे ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या
तेच पाणी अर्ध्या चढावर आणून सोडेल,
उरलेला चढ जाळानं चढवायचा.

बोलायला सोपं.
एका गोणीवर दोन राज्यांचे शिक्के.
वजनकाट्यावर अर्धा दिवस भांडण.
आणि पहिल्याच पेटवणीला
सातचा काटा साडेचारवर येऊन बसला, माझ्याकडे बघत.
मरून रंगाचा आख्खा लॉट डागाळला.
गुर्रमशेठनी टॉवेल माझ्यासमोर झटकला:
हा मरून आहे? हे तर वांग्याचं भरीत!

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
म्हटलं, आता परत कोळसा. माझा ओळखीचा कोळसा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नीलव्वा आली.
कुणाशी बोलली नाही.
कांडी मोडली, वास घेतला,
आणि तुकडा गालाला लावून उभी राहिली,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.
हसी अद, म्हणाली. ओली आहे.
मॅडमच्या यंत्रात आकडा आला, एकोणीस टक्के.
गालाचंही तेच मत होतं.

तेव्हापासून नियम:
आधी नीलव्वाचा गाल, मग यंत्र, मग मैनुद्दीनचा ट्रक.
मी राख उपसायची वेळ बदलली, हवेचं दार दोन बोटं उघडं ठेवायला शिकलो,
या जाळाचा आवाज वेगळा, भाकरी फुगताना येतो तसा,
तो ओळखायला मला पावसाळा लागला.
कोपऱ्यात अजून दोन टन कोळसा आहे.
आभाळ आलं, गाडी अडली, की फावडं तिकडेच वळतं.
कलशेट्टींचे तीन महिन्यांचे पैसे गुर्रमशेठकडे अडकलेत,
त्यावरून परत पंखा, परत वखार.

पोरगी विचारते, बाबा, आता काय जाळता?
म्हटलं, आपण वरण खाल्लं की मागे राहतं ते.
तिनं वहीत लिहून घेतलं. कव्हर तसं स्वच्छच आहे.

काल नीलव्वाचा फोन.
मराठीत विचारलं तिनं, वाफ कशी आहे?
मी काट्याकडे बघितलं.
म्हटलं, हबे चलो अद.
माझ्या कानडीवर ती खूप हसली.
मग म्हणाली, तिकडं तुरीला फुलं लागलीत.