तिसरी गाडी

पहिली पांढरी होती. दुसरीही पांढरीच.
चिन्ह तेच, चावीसुद्धा जवळजवळ तीच,
म्हणून दुसरी आली तेव्हा बोरीत कुणी पेढे मागितले नाहीत.
लोकांना वाटलं, बाईंनी जुनीच धुवून आणली.

आता तिसरीचं चाललं आहे.
पुण्याहून मुलगा मोबाइलवर तक्ते पाठवतो,
कुणाला किती तारे, धडकेत कोण किती चेपते.
‘आई, कंपनी काही आपली नातेवाईक नाही.’
खरं आहे.
कंपनीचा मालक मी पाहिला नाही,
कारखाना कुठे, ते नकाशात दाखवता येणार नाही मला,
आणि भूगोल शिकवला मी, एकतीस वर्षं.

तरी तोंडात येतं ‘आपली’.
आपली चढाला जरा धापते.
आपलीत एसी लावला की पाय जड होतो.
अडतीवरचे गुणवंतराव बोबडे त्यांच्या गाडीला असंच म्हणतात,
ती दुसऱ्या कंपनीची.
एका तेरवीच्या पंगतीत आमचं त्यावरून इतकं पेटलं
की वांग्याची भाजी वाढणारा
बादली धरून उभाच राहिला.

खरं कारण मुलाला सांगितलेलं नाही.
जानेवारी होता. मागच्या सीटवर पूर्वपरीक्षेचे गठ्ठे.
अडाणच्या पुलाअलीकडे पाय दाबला
आणि पायाखाली काहीच नव्हतं.
केबल तुटली होती.
रज्जाक मिस्त्री दारव्ह्याहून लुनावर आला, कानाला मफलर.
‘आता कायची केबल बाई, दुकानं बंद झाली.’
पोत्याची सुतळी काढली, कार्बोरेटरला बांधली,
बॉनेटच्या फटीतून डाव्या खिडकीत घेतली
आणि शेजारी बसला, सुतळी मुठीला गुंडाळून.

क्लच माझा, गिअर माझे, स्टिअरिंग माझं.
वेग त्याचा.
‘ओढा.’ ओढली.
‘सोडा.’ सोडली.
एकोणीस किलोमीटर.
फॉरेस्ट नाक्याच्या चढापर्यंत बोलावं लागलं,
त्यानंतर नाही.
मी श्वास घेतला की तो ओढायचा.
लग्नातसुद्धा इतकं कुणी ऐकलं नव्हतं माझं.

मागच्या आठवड्यात त्याच्याकडे गेले.
अर्ध्या गॅरेजात आता सीटकव्हरं टांगलेली, ते पोराचं.
मी म्हटलं, रज्जाकभाई, आपलीचं नवं मॉडेल आलंय.
त्यानं हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.
‘नव्यातलं मले समजत नाई बाई.
झाकन उघडलं का खाली अजून एक झाकन.
लॅपटॉप लावतेत, मंग तो सांगते तिले काय दुखते.
या खेपेला दुसरी घ्या.
तुमचा पोरगा म्हंते ते बरोबर म्हंते.’

राग आला मला.
वडिलांनीच बोलावून म्हणावं,
आडनाव बदल, आता कोण विचारतंय.
चहा तसाच ठेवून उठले,
मग दारातून परत फिरले आणि म्हटलं,
रविवारी यवतमाळला चला माझ्यासोबत.

शोरूमच्या काचेला फुगे. टाय लावलेला पोरगा.
‘मॅडम, आधी कोणती वापरत होत्या?’
‘आपली,’ म्हणाले मी.
तो नावाची वाट बघत राहिला.

चालवून बघायला निघालो.
रज्जाकभाई शेजारी, पट्ट्याशी झटापट करून बसलेले,
पोरगा मागे, मायलेज सांगत.
गाडीला आवाज म्हणून नव्हता.
स्वतःच्या बांगड्या ऐकू येत होत्या.
दारव्हा रोडचा चढ आला.
मी काही बोलले नाही, फक्त श्वास घेतला असेल.

डाव्या बाजूला, गुडघ्यावर,
त्यांची मूठ वळली
आणि चार बोटं मागे सरकली.

गाडी चढली. ती चढणारच होती.
वर पोचल्यावर, उताराच्या तोंडाशी,
मी हळूच म्हटलं, ‘सोडा.’

मागून पोरगा म्हणाला, ‘काय मॅडम?’